वाढणारे शहर आणि पसरणारे शहर : सांगलीचा ३३ फुटांचा हिशेब

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, एकूण १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर. सांगलीत हे कोणाला सांगावे लागत नाही, कारण या शहरातील हजारो कुटुंबांनी आपले पहिले हक्काचे घर गुंठ्याच्या मापानेच घेतलेले आहे. शहराच्या आर्थिक वाढीची चर्चा एरवी कारखाने, गुंतवणूक आणि रोजगार यांच्या मोठमोठ्या आकड्यांनी सुरू होते. मला ती या ३३ फुटांपासून सुरू करणे सोयीचे वाटते, कारण महापालिकेच्या तिजोरीत काय येते आणि तिच्यातून काय जाते, याचा बराचसा उलगडा तेवढ्या लांबीच्या रस्त्यावर होतो.

समजा, शहराच्या कडेला एक नवी वसाहत झाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गुंठ्याचे प्लॉट पडले. प्रत्येक ३३ फूट रस्त्यामागे दोन घरे आली, म्हणजे एका घराच्या वाट्याला साडेसोळा फूट रस्ता, तितकीच गटार आणि तितकीच पाण्याची वाहिनी आली. निम्मे प्लॉट मोकळे राहिले, आणि ते बहुधा राहतातच, तर हा वाटा थेट ३३ फुटांवर जातो. आता गणपती पेठेसारख्या जुन्या भागातील एक नमुना डोळ्यांसमोर आणावा : इमारतीची दर्शनी बाजू २० फूट, खाली दुकान आणि वरच्या दोन मजल्यांवर दोन बिऱ्हाडे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशीच रचना असेल तर २० फूट रस्त्यामागे घरपट्टीची सहा खाती होतात, म्हणजे एका खात्यामागे जेमतेम सव्वातीन फूट. नव्या वसाहतीतील घराला पेठेतील बिऱ्हाडाच्या पाच ते दहा पट लांबीची सेवा पुरवावी लागते, असा याचा अर्थ होतो. घरपट्टी मात्र पाच किंवा दहा पट येत नाही. ती मालमत्तेच्या करयोग्य मूल्यावर, म्हणजे ती जागा भाड्याने दिली तर वर्षाला काय उत्पन्न देईल या अंदाजावर ठरते, आणि त्या अंदाजात पेठेतील दुकानाचा गाळा नेहमीच वरचढ असतो. ज्या जुन्या पेठेला आपण दाटीवाटीची म्हणून नाके मुरडतो, ती बाहेरच्या मोकळ्या हवेचा खर्च मुकाट्याने उचलत असते.

या हिशेबातून निघालेल्या विचाराला इंग्रजी जगात ‘स्मार्ट ग्रोथ’ असे नाव पडले. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने १९९७ साली या नावाने कायदे केले आणि रस्ते, पाणी, सांडपाणी यांसाठीचा राज्याचा पैसा प्रामुख्याने आधीच वसलेल्या किंवा वाढीसाठी मुद्दाम निश्चित केलेल्या भागांकडे वळवला. शेतात जाऊन घर बांधण्यास त्यांनी बंदी केली नाही. त्या घरापर्यंत सरकारी खर्चाने सोयी आपोआप पोहोचतील ही हमी तेवढी काढून घेतली. मराठीत याला ‘नेटकी वाढ’ म्हणता येईल. केंद्र सरकारच्या २०१५ सालच्या ‘स्मार्ट सिटी’ अभियानाशी या कल्पनेची नावावरून गल्लत होते. त्या अभियानात देशातील १०० शहरे निवडली गेली आणि त्यांत सांगली नव्हती, याची रुखरुख इथे अजून व्यक्त होते. नेटक्या वाढीला मात्र कोणत्याही निवड यादीची गरज नसते. ती कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष यांच्यापेक्षा गटारीच्या लांबीशी अधिक संबंधित आहे, आणि कदाचित म्हणूनच तिच्या उद्घाटनाचे फलक लागत नाहीत.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका स्थापन झाली ती १९९८ साली. तिचे क्षेत्र सुमारे ११८ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ५ लाख ३ हजार. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे साधारण सव्वाचार हजार माणसे झाली. शहर म्हणून ही दाटी मुळीच जास्त नाही, कारण हद्दीच्या आत अजून उसाची आणि भाजीपाल्याची शेते आहेत. ही शेते आणि वस्ती यांच्या सीमेवर जे घडले, त्याला गुंठेवारी म्हणतात. शेतजमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ सालापासून राज्यात तुकडेबंदीचा कायदा आहे आणि प्रमाणभूत, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान, क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याची विक्री तो रोखत आला. रीतसर बिगरशेती करून, रेखांकन मंजूर करून घेतलेला प्लॉट मात्र हमालाला, रिक्षावाल्याला किंवा यंत्रमागावरच्या कामगाराला परवडत नव्हता. त्यामुळे शेतमालकाने एकराचे गुंठे पाडले, घेणाऱ्याने स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले, सातबाऱ्यावर सामाईक नावे लागली किंवा लागलीच नाहीत, आणि पंधरा फुटांच्या बोळांनी जोडलेली वसाहत उभी राहिली. या वसाहती नियमित करण्यासाठी २००१ साली स्वतंत्र कायदा आला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीलाही दार उघडले.

या लोकांनी बेकायदा वागून शहर बिघडवले, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. शहराने त्यांच्यासाठी आत जागा ठेवली नाही, म्हणून ते बाहेर गेले. माझ्या मावशीने वीसेक वर्षांपूर्वी शहराच्या दक्षिणेला असाच एक गुंठा घेतला. व्यवहार वैशाखात झाला. तेव्हा काळी माती भेगाळलेली आणि घट्ट होती, आणि मधल्या दलालाने समोरच्या बांधाकडे बोट दाखवून ‘इथून रस्ता जाणारच आहे’ असे सांगितले होते. पहिल्या आषाढात त्या मातीचा चिखल झाला आणि मोटारसायकल कोपऱ्यावरच्या दुकानापाशी लावून, टाकलेल्या विटांवर पाय ठेवत दारापर्यंत यावे लागले. पुढे दर वर्षी मुरूम टाकला जाई आणि दर वर्षी काळी माती तो गिळून टाकी. मुरुमाच्या किती गाड्या त्या गल्लीत जिरल्या याचा हिशेब कोणाकडेच नसावा, आणि तो खर्च अंदाजपत्रकात ‘रस्ते दुरुस्ती’ या निरुपद्रवी नावाखाली बसतो.

इथे महापालिकेच्या जमाखर्चातील एक फसवी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नवी वसाहत नियमित होताना किंवा नवे रेखांकन मंजूर होताना विकास शुल्क आणि प्रशमन शुल्क (नियमबाह्य काम नियमित करून देण्याची रक्कम) मिळते, पण ते एकदाच मिळते. त्याच्या बदल्यात अंगावर येणारा रस्ता, दिव्याचा खांब आणि घंटागाडीची फेरी मात्र कायमची असते. शहर वेगाने पसरत असते तेव्हा तिजोरी भरलेली दिसते, आणि पंधरा वर्षांनी पहिल्या वाहिन्या फुटू लागतात तेव्हा ते शुल्क केव्हाच खर्च झालेले असते. त्यात जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यानंतर महापालिकांना राज्याकडून भरपाईचे अनुदान मिळू लागले. जकातीविषयी कोणाला प्रेम असण्याचे कारण नाही, परंतु बाजारपेठ वाढली की नाक्यावरचे उत्पन्न वाढे, हा सरळ संबंध तिच्यात होता. आता मार्केट यार्डात उलाढाल दुप्पट झाली तरी महापालिकेच्या गल्ल्यात त्यातले फारसे थेट येत नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या मालमत्तेची पट्टी हेच तिचे हातातले उत्पन्न उरले आहे, म्हणून जमीन कशी वापरली जाते हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे.

आता दुसरी बाजू पाहू. शहर कमावते कसे? याचे उत्तर समजण्यासाठी हळदीच्या हंगामात यार्डात एक सकाळ घालवावी. पोती उसवून ठेवलेली असतात, हवेत पिवळी भुकटी तरंगत असते आणि शिंका आल्याशिवाय नवखा माणूस दहा पावले चालू शकत नाही. खरेदीदार मूठभर हळकुंडे उचलतो, त्यांतले एक कटकन मोडतो आणि आतला रंग उजेडात धरतो. गड्डा निराळा, हळकुंड निराळे. मोडताना येणाऱ्या आवाजावरून माल किती वाळलेला आहे हे त्याला कळते. ही हळद केवळ सांगली जिल्ह्याची नसते, ती कर्नाटकातून, तेलंगणातून आणि मराठवाड्यातूनही येते. ती इथे का येते, तर इथे तिची पारख करणारे, तिच्यावर पैसे लावणारे, ती साठवणारे, पॉलिश करणारे, दळणारे आणि पुढे पाठवणारे लोक एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. कारखाना उचलून दुसऱ्या गावी नेता येतो, पण पिढ्यान्‌पिढ्या जमलेला असा मेळ नेता येत नाही.

बाहेरच्या माणसाने इथे येऊन दिलेला पैसा ही शहराची खरी मिळकत असते. हळदीचा खरेदीदार तो देतो, तासगावचा बेदाणा घेणारा व्यापारी तो देतो, आणि मिरजेच्या दवाखान्यात येणारा रुग्णही तो देतो. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केले, १९६२ साली तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि त्या दोहोंभोवती डॉक्टर, परिचारिका, औषध दुकाने, लॉज आणि खाणावळी यांचे एक गाव उभे राहिले. सीमेपलीकडच्या कर्नाटकातील एक कुटुंब शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस मिरजेत राहते, तेव्हा मिरज एकही वस्तू बाहेर न पाठवता निर्यात करीत असते. दर्ग्याजवळच्या सतारमेकर गल्लीतील कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून त्यांची सतार आणि तंबोरा घडवतात आणि तो देशभर पाठवतात, ही निर्यात आकाराने लहान असली तरी तिच्यातील जवळजवळ सगळा पैसा कारागिरीचा असतो.

आलेला पैसा किती काळ गावात फिरतो, हा त्याच्या पुढचा आणि तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. बाहेरून १०० रुपये आले आणि प्रत्येक हाताने त्यांतले ६० रुपये गावातच खर्च केले, असे क्षणभर धरू. पहिल्याने १०० मिळवले, त्याने ६० किराणा दुकानात दिले, दुकानदाराने त्यांतले ३६ गवंड्याला दिले, गवंड्याने साडेएकवीस शिंप्याला दिले, आणि ही बेरीज शेवटपर्यंत केली तर २५० रुपयांची मिळकत होते. प्रत्येकाने केवळ ३० टक्केच गावात खर्च केले तर तीच बेरीज १४३ रुपयांच्या आसपास थांबते. गाव तेच आणि बाहेरून आलेले रुपयेही तेच, फरक फक्त गळतीचा. पिवळे हळकुंड पोत्यात भरून बाहेर गेले तर गावाला अडत, हमाली आणि तोलाई मिळते. तेच इथे दळून, पुडीत भरून गेले तर त्याहून अधिक मिळते, आणि त्यातून कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य, वेगळे काढून गेले तर भाव किलोच्या हिशेबात फार वेगळ्या पातळीवर जातो. हळकुंडात कर्क्युमिन असते शेकडा दोन ते पाच, पण औषध आणि प्रसाधन उद्योगाला तेवढेच हवे असते.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली, हळदीला २०१८ साली आणि मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही चांगलीच बातमी आहे, परंतु मानांकन म्हणजे दागिन्यावरचा हॉलमार्क. दागिना घडवणारा आणि विकणारा नसेल तर शिक्का एकटा काही कमावून देत नाही. बाहेरचा मोठा उद्योग आणण्यासाठी जमीन आणि सवलती यांची जी ओढाताण सगळी लहान शहरे करतात, तिच्याविषयीही मला थोडी शंका आहे. याच जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना काढला. बेळगावातील त्यांची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली होती आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावले होते. हे उदाहरण ‘जमीन द्या, उद्योग येईल’ अशा थाटात सांगितले जाते. औंधने ज्याला बोलावले तो लोखंडी नांगर बनवणारा माणूस होता आणि त्याचे गिऱ्हाईक आसपासच्या शेतात उभे होते, हा त्यातला अर्धा भाग बहुधा गळतो.

शहराची कमाई आणि शहराचा आकार हे दोन विषय इथे एकमेकांना भेटतात. यार्डातील हमाल सहा किलोमीटर लांबच्या गुंठ्यात राहायला गेला, की त्याला रोज वडाप, म्हणजे खासगी प्रवासी जीप, किंवा मोटारसायकल लागते. पेट्रोलवर गेलेला पैसा जवळजवळ पूर्णपणे गावाबाहेर जातो, म्हणजे वरच्या हिशेबातील ६० चे ५० होतात. पहाटेच्या गाडीचा माल उतरवायला तो वेळेवर पोहोचू शकत नाही, तेव्हा व्यापाऱ्याचाही खोळंबा होतो. पसरलेले शहर प्रत्येक व्यवहारातून थोडी थोडी दलाली कापते आणि ती कोणाच्याच खिशात पडत नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग सगळ्यांना जुन्या पेठेतच राहू द्यावे आणि तिथे मजले वाढवावेत. मेरीलँडचे सूत्र जसेच्या तसे आणले तर उत्तर हेच येते, आणि सांगलीत ते चुकते. कृष्णेच्या पाण्याची पातळी १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी मोजतात. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले होते. त्या वेळी गावभाग, हरभट रस्ता, मारुती रस्ता आणि गणपती पेठ, म्हणजे ज्या दाट भागाची मी वर स्तुती केली तोच भाग, पाण्यात होता. जुन्या लोकांना नदी कळत नव्हती असे नाही. हरिपूरला जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवे होती, ज्यांत माल वर्षानुवर्षे कीड न लागता टिके, ती तिथल्या मातीची परीक्षा करूनच खणलेली होती. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले आणि त्यांच्यावरचा विश्वास उडाला.

पूररेषेविषयी एक गैरसमज इथे दूर करायला हवा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे सांगितले जाते, आणि त्यावरून पुष्कळांना वाटते की एकदा पूर येऊन गेला की पुढची २५ वर्षे निश्चिंत. प्रत्यक्षात निळ्या रेषेचा अर्थ असा की दर वर्षी तिथपर्यंत पाणी येण्याची शक्यता शंभरात चार आहे, आणि लाल रेषेसाठी ती शंभरात एक आहे. घरकर्ज २० वर्षांचे असेल तर त्या काळात निळ्या रेषेवरच्या घरात निदान एकदा पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, सुमारे ५६ टक्के होते, आणि लाल रेषेवर ती सुमारे १८ टक्के राहते. सांगलीने तर २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत पाहिले. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध असते आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोते पुरेसे उंच ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी मिळते. कागदावर हे पुरेसे आहे. मात्र रात्रीतून नाल्यात भराव पडतो, तेव्हा पाणी रेषा वाचत नाही. ते भराव नसलेल्या शेजाऱ्याकडे वळते.

म्हणून सांगलीपुरती नेटकी वाढ म्हणजे नदीपासून दूर, उंचावर आणि आधीच रस्ते-वाहिन्या असलेल्या जागी दाटी वाढवणे. विश्रामबागेपासून मिरजेपर्यंतचा पट्टा आणि कुपवाड औद्योगिक वसाहतीचा परिसर यांचा विचार यासाठी प्रथम करावा लागेल. सांगली आणि मिरज यांच्यात जेमतेम दहा किलोमीटर अंतर आहे, मधल्या रस्त्यावर दिवसभर वाहतूक आहे, आणि तरीही त्या रस्त्यालगत एकमजली गाळे, मंगल कार्यालये आणि मोकळे भूखंड दिसतात. २०२० सालची राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली रुंद रस्त्यालगत अधिक चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) देते, त्यामुळे तिथे उंच बांधायला कायद्याची मोठी अडचण नाही. अडचण आहे ती त्या घरांच्या किमतीची. हमालाला परवडेल असे चारशे फुटांचे घर तिथे कोणी बांधले नाही, तर तो पुन्हा गुंठ्याकडेच जाणार.

याला एक जुने साधन उपलब्ध आहे आणि ते फारसे वापरले जात नाही. त्याचे नाव नगररचना योजना. तिची सुरुवात १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात झाली आणि राज्याच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही ती आहे. दहा-वीस शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यांतून रस्ते, बाग, शाळा आणि दुर्बल घटकांच्या घरांची जागा काढायची, आणि उरलेली जमीन नीट आकाराचे भूखंड पाडून त्याच मालकांना परत द्यायची. प्रत्येकाचे क्षेत्र घटते, परंतु रस्ता लागल्याने उरलेल्याची किंमत वाढते, आणि त्या वाढीतला काही भाग सोयींसाठी वसूल करता येतो. गुंठेवारीत वसाहत आधी होते आणि रस्त्याची जागा मागून शोधावी लागते. इथे रस्ता आधी असतो. शेतकऱ्याला गुंठे पाडून मिळणारा रोख पैसा मात्र लगेच मिळतो आणि योजनेला वर्षे लागतात, हे तिच्या अपयशाचे खरे कारण असावे. योजना ठरावीक मुदतीत पूर्ण झाल्या, तर माझ्या मते सांगलीत या एका साधनाने जेवढा फरक पडेल तेवढा दुसऱ्या कशानेही पडणार नाही.

शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा बहुतेक जण नकाशावर आपला गट क्रमांक शोधतात, त्यावर आरक्षण नाही एवढे पाहतात आणि घरी येतात. मी स्वतःही पूर्वी तेवढेच करीत असे. आता मी मावशीच्या गल्लीकडे त्याच नजरेने पाहतो. त्या गल्लीत दोन्ही बाजूंना बारा-बारा असे २४ प्लॉट आहेत, म्हणजे रस्त्याची लांबी ३९६ फूट. गटार आता झाली आहे, पाण्याची वाहिनी आली आहे, काँक्रीटही पडले आहे. घरे आहेत १३. एका घरामागे साडेतीस फूट रस्ता पडतो, आणि उरलेल्या ११ प्लॉटांवर बाभळी आणि गाजर गवत आहे. त्यांचे मालक भाव वाढण्याची वाट पाहत पुण्यात राहतात, आणि त्या गल्लीपासून दीड किलोमीटर पुढे, उसाच्या एका फडाशेजारी, नव्या गुंठ्यांच्या चुनखडीच्या रेघा ओढल्या गेल्या आहेत.